‘प्रेंदा मीन्या’ आणि दक्षिण ब्राझीलमधील लोकगीतांचे पुनरुज्जीवन : आपल्या ओव्यांच्या संदर्भात काही प्रश्न

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेसाठी आमचे विद्यार्थी दरवर्षी आपापल्या गावांतून जात्यावरच्या ओव्या, पाळणे आणि पंचमीची गाणी लिहून आणतात. त्या वह्या तपासल्या जातात, गुण दिले जातात आणि वह्या कपाटात जातात. ज्या मुलीने आजीकडून तीस ओव्या उतरवून आणलेल्या असतात, तिला त्यांपैकी एकही चालीत म्हणता येत नाही, ही गोष्ट मला दिवसेंदिवस अधिक अस्वस्थ करते आहे.

याच विचारात असताना दक्षिण ब्राझीलमधील रिओ ग्रांदे दो सुल या राज्याचे ‘प्रेंदा मीन्या’ हे लोकगीत ऐकण्यात आले. गाणे साधे आहे. गुरे राखणारा एक घोडेस्वार आपल्या प्रियेचा निरोप घेतो आहे: मी निघालो, मला पुष्कळ कामे आहेत, माळावर गुरे गोळा करायला मला गेले पाहिजे. पुढच्या कडव्यात अंधारी रात्र येते आणि पहाटेच्या सुमारास ताटातूट होते. प्रत्येक ओळीनंतर ‘प्रेंदा मीन्या’, म्हणजे साधारणपणे ‘माझे लाडके’, हे संबोधन पुन्हा येते आणि त्यामुळे गाणाऱ्याला पुढची ओळ आठवायला उसंत मिळते. आपल्या बायका ओवीत ‘ग बाई’ घालतात, त्या जागेशी याचे जवळचे नाते आहे असे मला वाटले. गाणे कोणी रचले हे कोणालाच माहीत नाही, आणि तरीही त्या राज्यातील शहरी मुलांनासुद्धा ते येते असे दिसते.

जाणकारांना माझी विनंती अशी आहे की, कुरणांवरचे हे गाणे शहरातल्या मुलांच्या तोंडी कसे गेले, ते कोणी आणि कोणत्या परिस्थितीत नेले, आणि ज्यांची ती गाणी होती त्या माणसांचे या सगळ्यात काय झाले, हे कोणी सविस्तर सांगू शकेल का? आपल्याकडे असे काही करायचे असेल तर सुरुवात कुठून करावी, याबद्दलही वाचायला आवडेल.


खाम_नदी (छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार सर. लॅटिन अमेरिकेचा इतिहास हा माझ्या आवडीचा विषय असल्यामुळे जरा विस्ताराने लिहितो.

रिओ ग्रांदे दो सुल हे ब्राझीलचे अगदी दक्षिणेकडचे राज्य असून त्याच्या सीमा उरुग्वे आणि अर्जेंटिनाला भिडलेल्या आहेत. कॉफी, ऊस आणि सांबा यांच्यावरून आपण ब्राझीलची जी कल्पना करतो, तिच्यात हे राज्य बसत नाही. तिथे विस्तीर्ण गवताळ माळ आहेत, गुरांचे मोठमोठे वाडे आहेत, थंडीत दंव पडते, आणि गुरे राखणाऱ्या घोडेस्वाराला ‘गाउशो’ म्हणतात. पुढे हाच शब्द त्या राज्याच्या प्रत्येक रहिवाशासाठी रूढ झाला. आपण उल्लेख केलेल्या गाण्यात गुरे गोळा करण्याचे जे काम आहे, ते मोजणी, डागणी आणि औषधपाणी यांसाठी अख्खा कळप एका जागी आणण्याचे काम होय. त्याला अनेक घोडेस्वार लागत. म्हणून गाण्यातील घाई ही प्रेयसीला टाळण्यासाठी केलेली सबब नाही. तो वेळेवर पोहोचला नाही तर इतरांचे काम अडते. हे लक्षात घेतले की गाणे अधिक लागते.

संकलनाचे काम तिथे बरेच आधी सुरू झाले होते. १८९८ मध्ये पोर्तो अलेग्री या राज्याच्या राजधानीत परंपरा जपण्यासाठी एक संघ स्थापन झाला, आणि पेलोतास या गावचे लेखक सिमोइस लोपेस नेतो यांनी १९१० मध्ये ग्रामीण पद्यांचा संग्रह व १९१३ मध्ये दक्षिणेतील दंतकथांचे पुस्तक प्रसिद्ध केले. तथापि पुस्तके निघाली म्हणून गाणी लोकांच्या तोंडी आली नाहीत. आपल्या कपाटातील वह्यांचा अनुभव तिथेही होता, असे म्हणायला हरकत नाही.

त्यानंतर एक मोठा धक्का बसला. १९३७ मध्ये जेतुलिओ वार्गास यांची हुकूमशाही आली आणि सर्व राज्यांचे ध्वज एका समारंभात जाहीरपणे जाळण्यात आले, कारण प्रादेशिक निष्ठा राष्ट्रैक्याला मारक ठरतात अशी त्या राजवटीची धारणा होती. वार्गास स्वतः रिओ ग्रांदे दो सुलचेच होते, हे येथे विसरता येत नाही. ती राजवट १९४५ मध्ये संपली. त्याच काळात दुसऱ्या महायुद्धानंतरची अमेरिकन गाणी, चित्रपट आणि वेशभूषा यांची लाट ब्राझीलच्या शहरांवर आदळत होती. खेड्यातून शिक्षणासाठी राजधानीत आलेल्या मुलांना आपण जे सोडून आलो त्याला इथे काहीच किंमत नाही, असे वाटू लागले होते.

अशा वेळी, १९४७ च्या सप्टेंबरात, पोर्तो अलेग्रीतील जूलियो दे कास्तिल्योस या सरकारी शाळेच्या काही विद्यार्थ्यांनी पुढाकार घेतला. त्यांच्यात पायशाँव कोर्तेस प्रमुख होते. वय वीस. स्वातंत्र्यदिनाच्या, म्हणजे ७ सप्टेंबरच्या, राष्ट्रीय ज्योतीवरून त्यांनी एक ठिणगी घेतली आणि शाळेत एक साधा कंदील पेटवून तो २० सप्टेंबरपर्यंत तेवत ठेवला. २० सप्टेंबर हा १८३५ च्या फारोपिल्या बंडाचा स्मृतिदिन आहे. दक्षिणेतील जमीनदारांनी ब्राझीलच्या साम्राज्याविरुद्ध केलेले हे बंड दहा वर्षे चालले होते. पुढे याच मंडळींतून, बार्बोसा लेसा या त्यांच्याहून तरुण साथीदारासह, २४ एप्रिल १९४८ रोजी पहिले गाउशो परंपरा केंद्र स्थापन झाले. १८३५ ची आठवण म्हणून त्याच्या नावात ‘३५’ हा आकडा घेतला गेला. केंद्राची रचना गुरांच्या वाड्याप्रमाणे ठेवण्यात आली. अध्यक्षाला मालक, त्याच्या हाताखालच्याला मुकादम आणि सभासदांना गडी म्हणत. ही मुले ठरलेल्या दिवशी जमत, तुंबीच्या भांड्यातून माते नावाचा कडू काढा एकाच नळीने आळीपाळीने पीत, आणि गात.

आता माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची घटना सांगतो. १९४९ मध्ये या केंद्राचे काही सभासद उरुग्वेची राजधानी मोंतेविदेओ येथे एका परंपरा-उत्सवाला गेले. तिथल्या ग्रामीण मंडळांनी आपापले नाच सादर केले आणि या पाहुण्यांकडे दाखवायला स्वतःचा एकही नाच नव्हता. परतल्यावर पायशाँव कोर्तेस आणि बार्बोसा लेसा राज्यभर हिंडले, म्हाताऱ्या माणसांना भेटले, त्यांच्याकडून पावले शिकले आणि चाली उतरवून घेतल्या. १९५६ मध्ये त्यांनी गाउशो नाचांची जी हस्तपुस्तिका काढली, ती केवळ संग्रह नव्हती. कोणते पाऊल कुठे टाकायचे आणि कोणी केव्हा वळायचे, हे तिच्यात दिलेले होते, त्यामुळे दूरच्या गावातील शिक्षकालाही ती हातात घेऊन मुलांना उभे करता येत असे. उदाहरणार्थ ‘पेझिन्यो’ हा नाच घ्या. जोडीतील दोघे एकमेकांच्या पायाशेजारी पाय आणून ठेवतात, ‘तुझा पाय इथे माझ्या पायाजवळ ठेव आणि मागून पस्तावलो म्हणू नकोस’ अशा अर्थाच्या ओळी येतात, आणि त्या ओळी वादकांवर न सोपवता नाचणाऱ्यांनी स्वतः म्हणायच्या असतात. गाणे येत नसेल तर नाचता येत नाही. गाणी शरीरात मुरली ती अशी.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. केंद्रांची संख्या वाढत गेली, १९६६ मध्ये त्यांचा महासंघ झाला, आणि १९७१ मध्ये उरुग्वायाना येथे जुन्या वळणाच्या नव्या गाण्यांचा महोत्सव सुरू झाला. आज राज्यात अशी हजाराहून अधिक केंद्रे आहेत आणि रिओ ग्रांदेची माणसे जिथे स्थलांतरित झाली तिथे, परदेशांतही, ती निघाली आहेत.

‘प्रेंदा मीन्या’ मात्र आणखी एका वाटेने दूरवर गेले. माइल्स डेव्हिस आणि गिल इव्हान्स या जाझ संगीतकारांच्या १९६३ च्या ‘क्वाएट नाइट्स’ या तबकडीत ‘साँग नंबर टू’ नावाने जी रचना आहे, तिची धून हीच आहे. १९९८ मध्ये ब्राझीलचे प्रसिद्ध गायक काएतानो वेलोसो यांनी ते मैफलीत गायले आणि त्या मैफलीच्या ध्वनिमुद्रणाला हेच नाव दिले. त्या संचाच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. खपाचे मुख्य कारण त्यातील ‘सोझिन्यो’ हे दुसरेच गाणे होते, हेही नमूद केले पाहिजे. वेलोसो बाहिया राज्याचे आहेत, म्हणजे दक्षिणेपासून फार दूरचे. तरी त्यांच्यामुळे हे गाणे देशभराच्या तरुणांपर्यंत पुन्हा पोहोचले.


दुधनातीर (परभणी)

खाम_नदी यांनी इतकी माहिती दिल्याबद्दल त्यांचे मनापासून आभार. मांजराकाठ सर, आपल्या शेवटच्या प्रश्नाबद्दल मला लिहायचे आहे, कारण आमच्या जिल्ह्याचा या विषयाशी थेट संबंध आहे.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनाचे जे प्रचंड काम उभे केले, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत, आणि त्यासाठी १९९६ मध्ये झालेल्या ध्वनिमुद्रणात पूर्णा तालुक्यातील ताडकळस या गावच्या स्त्रियांचे आवाज आहेत. २०१७ पासून ‘पारी’ (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर ते ऐकता येतात. म्हणजे आपल्याकडे संकलनाची उणीव नाही. ब्राझीलच्या त्या दोन तरुणांना जे हिंडून मिळवावे लागले, त्याहून कितीतरी अधिक साहित्य आपल्यापाशी तयार आहे, आणि तेही मूळ गाणाऱ्यांच्या आवाजात.

अडचण प्रसंगाची आहे. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बाईच्या खांद्यावरचे फार मोठे ओझे उतरले, आणि ते उतरलेच पाहिजे होते. पहाटे तीनला उठून पायली-पायली दळण करणाऱ्या माझ्या आजीच्या तळहातावर खुंट्याने पडलेले घट्टे शेवटपर्यंत गेले नाहीत. त्यामुळे ओवी टिकावी म्हणून जाते परत आणा, असे कोणी म्हणू लागले तर माझा त्याला सक्त विरोध राहील. तिकडच्या मुलांनी गुरे राखायला सुरुवात केली नव्हती. त्यांनी फक्त एकत्र जमण्याचा वार आणि जागा ठरवली होती, हे मला यातून घेण्यासारखे वाटते.

आणि तसे प्रसंग आपल्याकडे अजून शिल्लक आहेत. लग्नात हळदीचे जाते मांडतात, खुंट्याला आंब्याची पाने आणि सूत बांधतात, सवाष्णी हळकुंडे घालून दोन-चार फेरे ओढतात. तिथे पूर्वी प्रत्येक बाई आपली ओवी म्हणत असे. आता मंडपातील ध्वनिक्षेपकावर चित्रपटगीते चालू असतात आणि ज्या एखाद्या म्हातारीला ओव्या येतात, तिचा आवाज शेजारणीलाही ऐकू जात नाही. त्या अर्ध्या तासापुरता ध्वनिक्षेपक बंद ठेवला तरी पुष्कळ साधेल. आमच्या घरच्या लग्नांत आम्ही हे कटाक्षाने करतो, आणि मुली ओव्या विचारून पाठ करून येतात, कारण आपली पाळी येणार हे त्यांना ठाऊक असते. नागपंचमीच्या फेराचेही तसेच आहे. फेर धरला की झोके आणि पाऊल यांच्यासोबत गाणे आपोआप येते. आपल्याकडची ‘पेझिन्यो’ शोधायची असेल तर ती पंचमीच्या फेरात आहे, आणि ती अजून पूर्ण गेलेली नाही.


सिंदफणा (बीड)

वरील दोन्ही उत्तरे मी काळजीपूर्वक वाचली. दुधनातीर ताईंचे म्हणणे मला मान्य आहे. पण मांजराकाठ सरांनी विचारलेला एक प्रश्न बाजूला राहिला आहे, तो म्हणजे ज्यांची गाणी होती त्या माणसांचे काय झाले. पुनरुज्जीवन करणारे जेव्हा जमतात, तेव्हा ते कोणाला बोलावतात आणि कोणाला विसरतात, हे पाहिल्याशिवाय त्या चळवळीचे मोल ठरवू नये असे मला वाटते.

खाम_नदी यांनी १९४७ च्या ज्या सप्टेंबराचा उल्लेख केला, त्याच महिन्यात, ५ तारखेला, याच मुलांनी पारंपरिक वेशात घोड्यावर बसून एका सेनापतीच्या अस्थींना मानवंदना दिली होती. त्या सेनापतीचे नाव दावी कानाबारो. फारोपिल्या बंडात स्वातंत्र्याचे वचन घेऊन लढणाऱ्या कृष्णवर्णीय भालाइतांची एक तुकडी याच सेनापतीच्या हाताखाली होती, आणि १४ नोव्हेंबर १८४४ च्या पहाटे पोरोंगोस येथे तिच्यावर साम्राज्याच्या सैन्याने छापा घालून मोठी कत्तल केली. त्या सैनिकांची शस्त्रे आधीच काढून घेतली होती का, तह सोपा व्हावा म्हणून त्यांचा बळी देण्यात आला का, यावर तिथे अजून तीव्र वाद चालू आहे. गुरांच्या वाड्यांवर आणि खारवलेल्या मांसाच्या कारखान्यांत राबणाऱ्या गुलामांच्या श्रमावरच त्या प्रदेशाची श्रीमंती उभी राहिली होती. तरी परंपरा केंद्रात ‘मालक’ आणि ‘गडी’ हे एका शेकोटीभोवती गुण्यागोविंदाने बसलेले दाखवले जातात. २०२१ मध्ये पोर्तो अलेग्रीच्या महापालिकेत निवडून आलेल्या कृष्णवर्णीय सदस्यांनी राज्यगीताच्या वेळी उभे राहण्यास नकार दिला, कारण ज्या लोकांत सद्गुण नसतो ते शेवटी गुलाम होतात, अशा अर्थाची ओळ त्यात आहे. गुलामी हा गुलामाचाच दोष ठरवणारी ओळ त्यांनी का ऐकून घ्यावी?

स्त्रियांचेही तसेच. सुरुवातीच्या केंद्रात फक्त मुलगे होते. मुली आल्या त्या नाचाला जोडीदारीण हवी म्हणून आल्या, आणि त्यांनी कोणता झगा घालावा, तो किती लांब असावा, याचे नियम पुढे ठरत गेले. आज पारंपरिक म्हणून जो झगा दाखवला जातो, त्याचे रूप बऱ्याच अंशी या चळवळीनेच घडवले आहे. स्पर्धांत परीक्षक पाऊल चुकले की गुण कापतात. ज्या म्हाताऱ्यांकडून ते पाऊल शिकून घेतले, ते प्रत्येक गावी वेगळे टाकत असतील, ही शक्यता तिथे उरत नाही.

मी हे चळवळीला कमी लेखण्यासाठी लिहीत नाही. आपल्याकडे हीच चूक होऊ नये ही माझी तळमळ आहे. मराठवाड्यातील ओव्या म्हटले की पंढरीचा विठ्ठल, माहेर आणि भाऊराया यांच्याच ओव्या पुढे येतात. माजलगावच्या स्त्रियांनी बाबासाहेबांवर ज्या ओव्या गायल्या आहेत, त्याही त्याच जात्यावरच्या आहेत, त्याच चालीच्या आहेत, आणि दुधनातीर ताईंनी सांगितलेल्या संग्रहात त्यांचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. महाविद्यालयांच्या व्यासपीठांवर ‘पारंपरिक ओव्या’ सादर होतात तेव्हा त्या मला क्वचितच ऐकू येतात. पोतराज, आराधी, गोंधळी यांची गाणी व्यासपीठावर येतात, पण त्यांचे गाणारे येत नाहीत. त्यांचा वेश घालून दुसरेच कोणी येते आणि बक्षीस घेऊन जाते. ज्याच्या घरात संबळ पिढ्यानपिढ्या आहे, त्याला परीक्षकाच्या खुर्चीवर बसवायला आपल्याला काय अडचण आहे?


मांजराकाठ (लातूर)

सर्वांचे आभार. सिंदफणा, तुमचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि आमच्या विभागात येत्या वर्षी काही करायचे झाल्यास निवड समितीत गावातील गाणाऱ्या स्त्रिया असतील, हे मी मनाशी ठरवले आहे. आणखी एक शंका आहे. खाम_नदी यांनी ‘साँग नंबर टू’बद्दल लिहिले. त्या तबकडीवर श्रेय कोणाला दिले आहे? विद्यार्थी हल्ली ओव्यांना संगीत देऊन चित्रफिती टाकतात आणि खाली रचनाकार म्हणून स्वतःचे नाव लिहितात, म्हणून विचारतो.


खाम_नदी (छत्रपती संभाजीनगर)

सर, त्या रचनेवर डेव्हिस आणि इव्हान्स या दोघांचीच नावे आहेत. शीर्षकातही मूळ गाण्याचा मागमूस नाही, त्यामुळे तबकडी ऐकणाऱ्याला ही धून ब्राझीलच्या कुरणांवरची आहे हे कळण्याचा काही मार्गच नव्हता. वेलोसोंनी मैफलीच्या संचालाच ‘प्रेंदा मीन्या’ हे नाव दिले, ही गोष्ट मला या पार्श्वभूमीवर अधिक मोलाची वाटते.

सिंदफणा यांनी मांडलेले सर्व मुद्दे बिनतोड आहेत. त्यात एवढीच भर घालतो की, तिथली चर्चा चळवळीच्या बाहेरूनच झाली असे नाही. स्थानिक इतिहासकारांनी आणि मानववंशशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकापासून या परंपरेची कठोर चिकित्सा केली आहे, आणि ‘नेग्रिन्यो दो पास्तोरेयो’ ही मालकाने मुंग्यांच्या वारुळावर टाकून मारलेल्या गुलाम पोराची दंतकथा त्याच परंपरेच्या केंद्रस्थानी आहे. सिमोइस लोपेस नेतो यांनी ती लिहिली आणि बार्बोसा लेसा यांनी तिच्यावर गाणे रचले. हरवलेली वस्तू सापडावी म्हणून तिथे त्या पोराच्या नावाने मेणबत्ती लावतात.

चित्रफितींच्या बाबतीत मी विद्यार्थ्यांना तीन गोष्टी लिहायला सांगतो. ओवी कोणाकडून ऐकली, म्हणजे त्या बाईचे नाव, अर्थात तिने परवानगी दिली असेल तरच. गाव आणि तालुका. आणि चाल तिचीच ठेवली की बदलली. ‘पारंपरिक’ एवढाच शब्द लिहून भागवू देऊ नका, कारण त्या एका शब्दाखाली गाणारी बाई पुसली जाते. विद्यार्थ्याने वाद्यसाथ केली असेल तर तेवढ्यापुरते त्याचे नाव खुशाल असावे.


दुधनातीर (परभणी)

आणि ध्वनिमुद्रण करून झाल्यावर ते त्या बाईला आधी ऐकवा, हेही चौथे म्हणून जोडावे. पुष्कळदा ती ऐकता ऐकता थांबवते, इथे एक ओळ राहिली म्हणते, आणि दहा नव्या ओव्या सांगते. सर, पंचमी श्रावणात येते आणि त्या सुमारास महाविद्यालये सुरू झालेली असतात. आपण विद्यार्थिनींना घेऊन आमच्याकडे येणार असाल तर कळवा. आमच्या गल्लीतील बायका फेरात घ्यायला तयार आहेत. मात्र विद्यार्थिनींनी बाजूला उभे राहून चित्रण करण्यापेक्षा फेरात शिरावे, एवढीच त्यांची अट आहे.